बाणाची पिसे घरी बसवायची, तर जिग कोणता घ्यावा?

प्रश्न : माझी मुलगी इंडियन राउंडमध्ये (देशी लाकडी धनुष्याच्या प्रकारात) लाकडी बाणांनी तिरंदाजी करते. सरावात पिसे सारखी फाटतात किंवा सुटतात आणि दर वेळी बाण दुरुस्तीसाठी दुसऱ्याकडे द्यावे लागतात. आता हे काम घरीच करायचे ठरवले आहे. एका वेळी एक पीस चिकटवणारे, एका बाणाची तिन्ही पिसे एकदम चिकटवणारे आणि सहा बाण एकत्र धरणारे असे जिग, म्हणजे पिसे चिकटवताना बाण आणि पीस जागेवर धरून ठेवणारी साधने, पाहण्यात आले. शिवाय पीस पकडणारे क्लॅम्पही सरळ आणि पीळदार असे दोन प्रकारचे मिळतात. पुढे ती रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याकडे वळण्याची शक्यता आहे. यांपैकी काय घ्यावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : एका वेळी एक पीस चिकटवणारा, सरळ क्लॅम्पचा आणि ज्यावर पिसाचा कोन कमी-जास्त करता येतो असा जिग आपण घ्यावा. जिगकडून आपल्याला वेगाची नव्हे, तर सारखेपणाची अपेक्षा असते. डझनभर बाणांची पिसे सारख्याच प्रमाणात किंचित तिरकी बसली, तर धनुष्यावरील साइट (नेम धरण्याची खूण) सरकवून किंवा नेम थोडा बदलून ती उणीव भरून काढता येते. परंतु प्रत्येक बाणाचे पीस वेगळ्या कोनात बसले, तर मुलीने कितीही एकसारखा बाण सोडला तरी लक्ष्यावर बाण विखुरणारच, आणि दोष तिच्या हाताचा की बाणाचा हे प्रशिक्षकांनाही सांगता येणार नाही.

एकेरी जिगमध्ये फार वेळ जातो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी की खोटी हे जिगपेक्षा गोंदावर अवलंबून आहे. बारा बाणांची मिळून ३६ पिसे होतात. प्रत्येक पीस सुकायला दहा मिनिटे घेणारा जुन्या पद्धतीचा गोंद वापरला, तर सहा तास लागतील. सायनोअॅक्रिलेट प्रकारचा झटपट गोंद वापरला, तर प्रत्येक पीस अर्ध्या-पाऊण मिनिटात धरते आणि सगळे काम एका संध्याकाळी सहज उरकते. गोंदाचा अगदी बारीक थर पुरतो. जास्त लावल्यास तो पिसाच्या बुडाखालून बाहेर येतो आणि क्लॅम्पच बाणाला चिकटून बसतो. म्हणून क्लॅम्पच्या कडेला आधी मेणबत्तीचे मेण हलकेच फिरवून घ्यावे. या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि मुलीला हे काम एकटीने करू देऊ नये.

दुकानात जिग हातात घेतल्यावर सर्वप्रथम नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरी अडकवायची खाच असलेला तुकडा) जिगमध्ये जिथे बसतो ती खोबण तपासावी, आणि त्यासाठी मुलीचा एक बाण बरोबर न्यावा. जिग बाणाला नॉकवरूनच ओळखतो. तीन पिसांमधले १२० अंशांचे अंतर तिथूनच ठरते. नॉक खोबणीत बसवून बाण दोन बोटांनी हलकेच पिळून पाहावा. तो जराही फिरला, तर दर पिसाच्या वेळी तो वेगळ्या जागी थांबणार हे निश्चित, आणि असा जिग कितीही देखणा असला तरी घेऊ नये. नॉक दाबून घुसवावा लागत असेल, तर तोही उपयोगाचा नाही. कार्बन बाणाचा नॉक नंतर थोडा फिरवून घेता येतो, पण लाकडी बाणावर तो चिकटवलेला असतो; त्यामुळे मुख्य पीस नॉकच्या खाचेला काटकोनात बसते की नाही, हे पहिल्याच बाणावर पाहावे. नॉक स्वतः चिकटवणार असाल, तर त्याची खाच लाकडाच्या थरांना आडवी येईल असे पाहावे, म्हणजे बाणाची ताठ बाजू धनुष्याकडे राहते.

दुसरी परीक्षा उजेडाची. क्लॅम्पमध्ये पीस धरून गोंद न लावता ते बाणावर टेकवावे आणि जिग खिडकीकडे धरून पाहावे. पिसाच्या बुडाखालून, विशेषतः पुढच्या आणि मागच्या टोकाशी, उजेडाची रेघ दिसली, तर पीस तेवढ्या भागात अधांतरी आहे आणि ते तिथूनच सुटणार. पीळदार क्लॅम्पबाबत ही अडचण अधिक येते, कारण बाण जितका बारीक तितके वळलेले बूड त्यावर नीट बसणे अवघड होते. लाकडी बाण साधारणतः ८ ते ९ मिलिमीटर जाडीचा असल्याने त्यावर पीळ चालून जातो. रिकर्व्हचे मैदानी कार्बन बाण त्याहून बरेच बारीक असतात. सरळ क्लॅम्प एक-दोन अंश तिरका लावला, तरी बाणाला पुरेशी फिरकी मिळते. शिवाय पक्ष्याच्या उजव्या आणि डाव्या पंखांच्या पिसांचा नैसर्गिक बाक एकमेकांविरुद्ध असतो, आणि पीळदार क्लॅम्प त्या बाकाशी जुळणाराच लागतो. सरळ क्लॅम्पवर दोन्ही बाजूंची पिसे चालतात. मात्र एका संचात ती मिसळू नयेत.

बिट्झेनबर्गर हा अमेरिकी धातूचा जिग या प्रकारात नावाजलेला आहे आणि त्याला सरळ, उजव्या पिळाचा व डाव्या पिळाचा असे क्लॅम्प वेगवेगळे मिळतात. तो महाग पडतो. वर सांगितलेल्या दोन्ही परीक्षांना उतरणारा साधा जिग मिळाला, तर एका मुलीच्या बाणांसाठी तेवढा खर्च करण्याची गरज मला वाटत नाही. त्यातच रिकर्व्हचे बरेच तिरंदाज मैदानी स्पर्धांत वळलेल्या पातळ स्पिन व्हेन (व्हेन म्हणजे प्लास्टिकची पिसे) वापरतात. त्या दुहेरी चिकटपट्टीने, बाणावर आखलेल्या रेघांवर हाताने लावतात. त्यासाठी रेघा आखण्याचे छोटे साधन पुरते, क्लॅम्पचा जिग लागत नाही.

प्रश्न : २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळवल्यापासून आमच्या केंद्रात कंपाउंड (टोकांना चाके असलेले धनुष्य) शिकणारी मुले वाढली आहेत. सर्वांसाठी मिळून सहा बाणांचा जिग घेतला तर चालेल का?
— एक प्रशिक्षक, फलटण

उत्तर : केंद्रासाठी तो जरूर घ्यावा. कंपाउंडच्या आखूड, ताठ प्लास्टिक व्हेन अशा जिगवर चांगल्या बसतात. तिन्ही व्हेन एकदम लावणारा जिगही आहे, पण त्यात कोन कारखान्यातच ठरलेला असतो आणि बाणाची जाडी व व्हेनची लांबीही मर्यादेतच चालते. निरनिराळ्या मापांचे बाण असलेल्या केंद्रात तो अपुरा पडेल. सहा बाणांच्या जिगमध्ये मात्र सहा खोबणी आणि सहा क्लॅम्प असतात, म्हणजे फरक पडण्याच्या जागाही सहा. त्या तंतोतंत सारख्या आहेत असे गृहीत धरू नये. व्हेन लावलेला एकच बाण सहाही जागी ठेवून क्लॅम्प त्याच्या व्हेनवर सारखाच उतरतो का, हे आधी पाहावे. मग जागांना १ ते ६ क्रमांक द्यावेत, क्लॅम्प आपापल्या जागीच वापरावेत आणि प्रत्येक बाणावर नॉकजवळ त्याच्या जागेचा क्रमांक बारीक अक्षरात लिहावा. निरनिराळ्या मुलांचे ४ क्रमांकाचे बाण एकाच बाजूला जाऊ लागले, तर मुलांना काही सांगण्याआधी ती खोबण तपासावी.