काना (हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्या) शिकताना देवनागरीचा आधार किती घ्यावा?

प्रश्न : मी दोन महिन्यांपासून घरी जपानी शिकत आहे. हिरागानाच्या अक्षरांवर देवनागरीत उच्चार लिहिलेला असला की वाचता येते, तो झाकला की अडते. काताकानातील ‘शि’ आणि ‘त्सु’ तर मला सारखेच दिसतात. आधी बोलायला शिकून लिपी मागाहून शिकली तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लिपी मागे ठेवू नका, आणि अक्षरांवरची देवनागरी आजच खोडून टाका. ओळखीचे अक्षर समोर असेपर्यंत डोळा अनोळखी अक्षराकडे वळतच नाही.

देवनागरी सोडली म्हणून वर्णमाला मात्र सोडू नका. हिरागाना आणि काताकाना या दोन्हींत मूळ अक्षरे प्रत्येकी 46 आहेत, आणि ती ज्या तक्त्यात मांडतात त्याचा क्रम, बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा जो अभ्यास केला, त्यातून आलेला आहे. म्हणूनच स्वर अ, इ, उ, ए, ओ असे येतात आणि ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा लागतात. ‘प’च्या जागी ‘ह’ बसलेला पाहून बुचकळ्यात पडू नका, कारण प्राचीन जपानीत हा ‘ह’ खरोखरच ‘प’ होता. आजही त्याच अक्षराच्या उजव्या खांद्यावर लहान वर्तुळ काढले की ‘प’ आणि दोन तिरक्या रेघा दिल्या की ‘ब’ होतो. याच रेघा ‘क’चा ‘ग’ आणि ‘त’चा ‘द’ करतात.

‘त’ची ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी आहे. इथे मराठी माणसाला मोठी सोय आहे : चिंचेतला ‘चि’ आणि चुलीतला ‘चु’ हे दोन वेगळे च आपण लहानपणापासून बोलतो, आणि ‘त्सु’ हा त्या चुलीतल्या ‘चु’च्या अगदी जवळचा आहे.

देवनागरी फसवते ती मात्रांमध्ये, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळात. आपण जपानी शब्द लिहिताना ऱ्हस्व ‘अ’कारालाही देवनागरीतला ‘आ’चा काना देतो, त्यामुळे ‘ओबासान’ असे लिहिल्यावर मावशी-आत्या म्हणायचे आहे की आजी, हे कळत नाही. आजीच्या शब्दात ‘बा’ एक मात्रा अधिक लांबतो, आणि हिरागानात त्या मात्रेसाठी ‘अ’ हे स्वतंत्र अक्षर लिहितात. तसेच ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. त्यातील अर्धा ‘त्’ लहान आकाराच्या ‘त्सु’ने दाखवतात आणि उच्चारात त्याला पूर्ण मात्रेचा वेळ देतात.

आता काताकानातील तुमची जोडी. दोन्हींत दोन आखूड रेघा आणि एक लांब रेघ असते, म्हणून नुसते पाहून ती ओळखू येत नाहीत. हात कुठून कुठे जातो ते पाहावे लागते. ‘शि’च्या आखूड रेघा डाव्या बाजूला एकाखाली एक, जवळजवळ आडव्या असतात, आणि लांब रेघ खालून सुरू होऊन उजवीकडे वर जाते. ‘त्सु’च्या आखूड रेघा वरच्या कडेला शेजारी-शेजारी, जवळजवळ उभ्या असतात, आणि लांब रेघ उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे खाली येते. एकच आखूड रेघ असलेल्या ‘न्’ आणि ‘सो’ यांच्यातही हाच फरक आहे : ‘न्’ची लांब रेघ वर चढते, ‘सो’ची खाली उतरते. चौकटीच्या वहीत ही चारही अक्षरे रोज एकाच पानावर, रेघांचा क्रम न चुकवता लिहा.