पहिले कर्ज घेण्यापूर्वी पत कशी उभी करावी

तुमच्या नावावर आजवर एकही कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नसेल, तर कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या पतमाहिती कंपनीच्या अहवालात पतगुणांकाऐवजी इतिहास नसल्याची नोंद दिसते. ती वाईट नव्हे, परंतु तिच्यामुळे बँकेला तुमची पारख करता येत नाही. अशा वेळी एकाच महिन्यात चार-पाच बँकांकडे अर्ज करू नका, कारण प्रत्येक अर्जामागे बँकेने केलेली चौकशी अहवालात नोंदली जाते. त्यापेक्षा छोट्या मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्या, त्यावर किराणा किंवा वीजबिलापुरताच खर्च करा आणि देय तारखेपूर्वी संपूर्ण रक्कम भरा. केवळ किमान देय रक्कम भरल्याने खाते थकीत दिसत नाही हे खरे, पण उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढते, आणि नवख्यांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते असे माझे स्पष्ट मत आहे.

३०० ते ९०० मधील गुणांक रोज पाहण्याची गरज नाही. मात्र सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा संपूर्ण अहवाल अवश्य वाचा. चुकीची नोंद आढळल्यास तक्रार करा, कारण ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दररोज १०० रुपये भरपाई देय असते. नातलगाला जामीन राहतानाही नीट विचार करा, त्याच्या थकलेल्या हप्त्यांमुळे तुमचीही पत खालावते.