डिमेन्शियाच्या (स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाते तो आजार) कामात नवीन आहेस ना, मग हे वाच
अगं चाळीत घरभेटीला गेलीस की पहिल्याच भेटीत मेमरी टेस्टचा कागद काढू नकोस, घरचे लगेच ‘आमची आजी वेडी नाहीये’ म्हणत दार लावतात, त्यापेक्षा बीपी-शुगर बघत बघत विचार की गॅस चालू राहतो का, नेहमीच्या गल्लीत रस्ता चुकतात का. विसरतात म्हणजे डिमेन्शियाच असं नाही हां, बी१२ व्हिटॅमिन कमी, थायरॉईड, डिप्रेशन यानेही होतं, आधी डॉक्टरकडे पाठव. दोन दिवसांत अचानक बरळायला लागले तर सरळ हॉस्पिटल, लघवीचं इन्फेक्शनसुद्धा असू शकतं. सुनेशी मात्र बाहेर गॅलरीत एकटीशी बोल, खरं काय ते तिलाच माहीत असतं (आणि तिच्या झोपेचं कोणी विचारत नाही). १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दे.