कर्लिंग: ज्युनिअर सुटल्यावर पुढे काय?

काका, तुम्ही लोकमान्य नगरातून लिहिलंय की कॅलगरीला राहणारा तुमचा नातू लहानपणापासून कर्लिंग (बर्फावर जड दगड घसरवत नेऊन पलीकडच्या गोलाच्या मध्याजवळ थांबवायचा चौघांचा खेळ) खेळतोय, ज्युनिअरमध्ये त्याची टीम चांगली चमकली, आता वयात बसत नाही म्हणून पुरुषांच्या गटात गेला आणि तेव्हापासून नुसता हरतोय. मुलीला काळजी, जावयांना राग, आणि तुमचा प्रश्न असा की त्याचं सिलेक्शन कधी होणार. वर दोघातिघांनी 'बर्फावर झाडू मारण्यात कसलं करिअर' असं लिहिलंय, त्यांना सोडून देऊ. मी कॅलगरीत बरीच वर्षं काढली, क्लबात लीग खेळलो, पुढे ज्युनिअर पोरांच्या टीमबरोबर मदतनीस म्हणून हिंडलो. आता परत इंदूरला आहे. त्या भांडवलावर लिहितोय.

आधी सिलेक्शनचं. कॅनडात ते होतच नाही, त्यामुळे त्याची वाट बघू नका. आपल्याकडे २०२२ साली मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून रणजी जिंकली, त्या संघातला प्रत्येक जण कुणा ना कुणा निवड समितीनं निवडलेला होता. तिथे चार जण आपापसांत ठरवतात की आपण एकत्र खेळायचं. स्वतःच्या खिशातून प्रवेश फी भरतात, गाडी काढतात, स्पर्धांना जातात. प्रांताची स्पर्धा जी चौकडी जिंकेल ती अख्खीच्या अख्खी प्रांताच्या नावानं ब्रायरला जाते. ब्रायर म्हणजे कॅनडाची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, १९२७ पासून चालत आलेली. या टीमचा स्किप (म्हणजे कप्तान) चांगला, त्या टीमचा लीड (म्हणजे पहिले दगड टाकणारा) चांगला, म्हणून कुणी वरून दोघांना एकत्र करत नाही. स्कॉटलंडमध्ये केंद्रीय कार्यक्रम असल्यामुळे प्रकार जरा वेगळा आहे, पण तुमचा नातू अल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात आहे.

आता यातली गोम बघा. जागतिक ज्युनिअरचा नियम असा की स्पर्धेच्या आदल्या वर्षीच्या ३० जूनला एकविसावं पूर्ण झालेलं नसावं. ती तारीख ओलांडली की नुसता गट बदलत नाही, बहुतेक वेळा टीमच मोडते. एकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागते, एकाला अभ्यास जड जातो, एकाला खेळायचं असतं पण दर शनिवार-रविवार नाही. हिवाळा संपला की फोन सुरू होतात: कोण कुणाला सोडतंय, कुणाला सेकंड हवाय, कुणाचा थर्ड मोकळा झाला. ऑलिंपिकनंतरच्या वसंतात तर सगळा बाजारच हलतो, कारण मोठ्या टीम चार-चार वर्षांचा हिशोब मांडून जमवलेल्या असतात. यातून मोठी माणसंही सुटत नाहीत. २०२४ मध्ये ब्रेंडन बॉचर या नावाजलेल्या स्किपपासून त्याचे तीन साथीदार वेगळे झाले, त्यांनी ब्रॅड जेकब्सला स्किप म्हणून घेतलं आणि २०२५ चा ब्रायर जिंकला. तेव्हा तुमच्या नातवाला कुणी फोन केला, आणि त्यानं कुणाला केला, हे मला त्याच्या जय-पराजयांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही असंही लिहिलंय की ज्युनिअरमध्ये तो कप्तान होता आणि आता 'खाली घातलाय'. म्हणजे तो स्किप होता आणि आता सेकंड खेळतोय, असं मी धरून चालतो. चौघांचा क्रम लीड, सेकंड, थर्ड, स्किप असा असतो, प्रत्येकाला दर एंडला, म्हणजे दर डावाला, दोन-दोन दगड. स्किप शेवटी टाकतो आणि एरवी पलीकडच्या टोकाला ब्रश धरून निशाणी देतो. ज्युनिअरमध्ये जो तो टीममधल्या सर्वात हुशार पोराला स्किप करतो. हे सगळे स्किप एकाच वेळी मोठे होतात आणि पुरुषांच्या गटात एका टीमला स्किप एकच लागतो. मग बाकीच्यांनी करायचं काय? जो सेकंड किंवा लीड व्हायला तयार होतो तो टिकतो. जो हटून बसतो तो आपल्याच वयाच्या पोरांबरोबर दोन हंगाम हरतो आणि खेळ सोडतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की तुमचं वाक्य वाचून मला उलट बरंच वाटलं.

यावर ब्रॅड गुशूचं उदाहरण मला फार आवडतं. २००१ ला हा पोरगा ज्युनिअर जगज्जेता झाला. पुढे २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकला टीम नेताना त्यानं रस हॉवर्डला बरोबर घेतलं. हॉवर्ड दोन वेळचा जगज्जेता, ऑलिंपिक चालू असतानाच पन्नाशीचा झालेला. शेवटचे दगड गुशू टाकायचा, पण पलीकडे ब्रश धरून कुठला डाव खेळायचा हे हॉवर्ड सांगायचा, आणि स्वतः सेकंडच्या जागी दगड टाकायचा. पंचविशीतल्या स्किपनं दुप्पट वयाच्या माणसाच्या हातात डोकं दिलं आणि सुवर्णपदक आणलं. गंमत म्हणजे ऑलिंपिक जिंकलेल्या या माणसाला ब्रायर मिळायला २०१७ उजाडलं, तेही घरच्या सेंट जॉन्समध्ये. त्यानंतर मात्र त्यानं रांगच लावली.

खेळात नेमका काय फरक पडतो, हे जावयांना समजावून सांगा. दगड तोच असतो. स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटाचा ग्रॅनाइट, जास्तीत जास्त १९.९६ किलो, ज्युनिअरलाही तेवढाच. पट्टीही तीच. बदलतो तो बर्फ आणि बदलतात समोरची माणसं. बर्फ गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, त्याला पेबल म्हणतात. दगड खालच्या अरुंद कडीवर त्या दाण्यांवरून घसरत जातो आणि सोडताना मुठीला जसा पीळ दिला असेल तसा वळतो. सामना पुढे सरकतो तसे हे दाणे झिजतात. मधली वाट जलद होते, कडेची तशीच राहते. म्हणजे दुसऱ्या एंडला जो दगड बरोबर मध्यावर थांबला तोच, तितक्याच जोरानं टाकलेला, आठव्या एंडला मागून निघून जातो. क्लबाच्या बर्फावर हा फरक खपून जातो. मोठ्या स्पर्धांचा बर्फ जास्त जलद आणि जास्त वळणारा असतो, तिथे तो नडतो.

आता दोघं ब्रश घेऊन पळतात ते काय करतात? घासल्यानं दगड लांब जातो आणि कमी वळतो, इतकं सगळे सांगतात. पण खरं काम डोळ्यांचं असतं. दगड सुटल्या सुटल्या एकाच्या हातातलं स्टॉपवॉच थांबतं आणि तो ओरडतो, 'सहा... सहा... सात!' हे आकडे म्हणजे दगड कुठे थांबेल त्या जागांचे. सात म्हणजे अगदी मधलं बटण, चार म्हणजे घराची, म्हणजे त्या गोलाची, पुढची कड. पलीकडून स्किप दिशा बघतो, कारण धावणाऱ्याला दिशा कळत नाही आणि स्किपला जोर कळत नाही. वीस-पंचवीस सेकंदांत दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवून 'घास' की 'सोड' ते ठरवायचं. ज्युनिअर टीममध्ये हे आकडे बहुधा उशिरा येतात किंवा चुकतात. मुरलेल्या टीममध्ये दगड निम्म्या वाटेवर यायच्या आत आकडा आलेला असतो, आणि तो फारसा बदलत नाही. स्किप होऊन आलेल्या पोरानं आयुष्यात नीट घासलेलंच नसतं! सेकंडची जागा ही त्याची खरी शाळा.

समोरच्या माणसांचं सांगतो. तरुण टीम आणि चाळिशीची टीम असा सामना डोळ्यासमोर आणा. पोरं एकेका दगडानं दोन-दोन दगड उडवतात, प्रेक्षक टाळ्या देतात. चाळिशीवाले काही दिपवणारं करत नाहीत. शेवटचा दगड हातात असेल, ज्याला हॅमर म्हणतात, तेव्हा दोन गुण मिळतील, म्हणजे आपले दोन दगड समोरच्याच्या सगळ्या दगडांपेक्षा मध्याजवळ राहतील, अशीच मांडणी करतात. मिळत नसतील तर घर रिकामं करून एंड कोरा सोडतात, म्हणजे हॅमर त्यांच्याकडेच राहतो, कारण गुण घेतला की तो समोरच्याकडे जातो. आणि हॅमर पोरांकडे असेल तेव्हा त्यांना एकाच गुणावर समाधान मानायला लावतात. दोन आणि एक, दोन आणि एक. नवव्या एंडला पोरांच्या लक्षात येतं की आपण सामनाभर छान खेळलो आणि दोननं मागे आहोत. कॅरममध्ये क्वीन घेऊन कव्हर न होणारा भिडू आपण पाहिलाय ना, तसंच. ज्युनिअरमध्ये समोरचाही चुकतो, म्हणून हे झाकून जातं. पुरुषांमध्ये अर्धवट बसलेल्या एका दगडाचे तीन गुण वसूल होतात. शिवाय घड्याळ असतं, दहा एंडांना एका टीमला विचार करायला अडतीस मिनिटं. पोरं सुरुवातीला ती उधळतात.

हरण्याचं म्हणाल तर वर ज्याचं नाव घेतलं तो बॉचर २०१२ चा ज्युनिअर जगज्जेता. ब्रायरच्या फायनलमध्ये २०१८ ला हरला, २०१९ ला हरला, २०२० ला हरला, २०२१ ला जिंकला. स्वीडनचा निक्लास एडीन २००४ चा ज्युनिअर जगज्जेता. ऑलिंपिकमध्ये २०१० ला चौथा, २०१४ ला कांस्य, २०१८ ला रौप्य, २०२२ ला सुवर्ण. हे दोघं शिखरावरचे, त्यांनाही नऊ नि अठरा वर्षं लागली. तुमच्या नातवाचा एक हिवाळा वाया गेला म्हणून घरात एवढी चर्चा नको.

पैशाबद्दल थोडक्यात. वरच्या काही टीम सोडल्या तर कुणाचंही घर यावर चालत नाही. बहुतेक जण नोकरी करून खेळतात, प्रायोजक मिळाला तर प्रवास निघतो. पदवी अर्धवट सोडून पूर्ण वेळ खेळतो म्हणाला तर जावयांची बाजू घ्या, मीही घेईन. नोकरी सांभाळून खेळतो म्हणाला तर त्यांना गप्प करा.

एक रीत मात्र तुम्हाला माहीत असायला हवी. सामना हातातून गेला की हरणारी टीम मध्येच हात मिळवून सामना सोडते, यात कमीपणा मानत नाहीत. नंतर जिंकलेली टीम हरलेल्यांना पहिलं पेय पाजते आणि आठही जण एका टेबलाला बसतात. हरलेली पोरं तिथे तोंड पाडून बसतात, नाहीतर पळ काढतात. पण जो बसून समोरच्या स्किपला विचारतो की सहाव्या एंडला तुम्ही तो गार्ड (घरापुढे आडोशाला ठेवलेला दगड) का ठेवलात, त्याचं नाव वसंतात कुणाच्या तरी डोक्यात येतं. सिलेक्शन म्हणायचंच असेल तर ते त्या टेबलावर होतं.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर 'जिंकलास का' विचारू नका. टीममध्ये सर्वात मोठा कोण आहे आणि किती वर्षं खेळतोय ते विचारा. तिशीच्या पुढचा कुणी असेल तर उत्तम, चौघेही एकवीस-बावीसचे असतील तर वाट लांबची आहे. घासताना आकडा कोण ओरडतं ते विचारा. सामन्यानंतर टेबलाला थांबतोस का, हेही विचारा, आणि हे मुलीकडूनही खात्री करून घ्या, कारण पोरं आजोबांना गोड सांगतात.

आणि एकदा त्याचा सामना बघाच. हिवाळ्यात कॅलगरीत संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे सकाळचे सात. पोहे-जिलेबीची वेळ, अडचण काहीच नाही. क्लबातले बरेच सामने नेटवर दाखवतात, लिंक नातवाकडूनच मागा. पहिले दोन एंड काही कळणार नाही, तिसऱ्याला हॅमर कुणाकडे आहे तेवढं धरून ठेवा. काही अडलं तर इथेच लिहा, मी सकाळी असतो.