तळ्याच्या गाळातल्या रंगद्रव्यांवरून तिथे पूर्वी कोणती शैवालं होती हे कळू शकतं का?
हो, कळू शकतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच ओळखू येत नसतानाही कळतं. शैवाल मेल्यावर पेशी कुजतात, पण त्यांची काही रंगद्रव्यं तळाच्या गाळात शेकडो, कधी हजारो वर्षं टिकतात. गाळाचा उभा गाभा काढून त्याचे पातळ थर करायचे, अॅसिटोनसारख्या द्रावकात रंग उतरवायचा आणि एचपीएलसी यंत्राने घटक वेगळे करायचे. प्रत्येक रंगद्रव्य एखाद्या गटाची खूण असतं: अॅलोझँथिन म्हणजे क्रिप्टोफाइट (एकपेशीय शैवालांचा एक गट), डायटोझँथिन म्हणजे मुख्यतः डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं), एकिनेनोन म्हणजे नील-हरित शैवाल. ओकेनोन सापडलं तर फारच मोलाचं: ते जांभळ्या गंधक-जीवाणूंचं असतं, म्हणजे उजेड पोहोचेल इतक्या खोलीवर पाण्यात प्राणवायू नव्हता. थरांचं वय गेल्या सुमारे 100-150 वर्षांपुरतं शिसे-210 या शिशाच्या किरणोत्सारी प्रकारावरून काढतात.

मात्र आकडे जसेच्या तसे घेऊ नका. बरीच रंगद्रव्यं तळाशी पोहोचण्याआधीच उजेड आणि प्राणवायूमुळे नष्ट होतात. डायटममधलं फ्युकोझँथिन तर फार लवकर जातं, त्यामुळे ते दिसलं नाही म्हणून डायटम नव्हते असं म्हणता येत नाही. वरच्या ताज्या थरांत रंगद्रव्य जास्त दिसणं हाही कधीकधी केवळ कमी कुजल्याचा परिणाम असतो. म्हणून क्लोरोफिल आणि त्याच्या विघटनातून बनणारं फिओफायटिन यांचं गुणोत्तर सोबत तपासावंच.