स्टायलस, स्टाइल आणि मधला चुकून आलेला वाय

प्रश्न असा होता की टॅबवर लिहायचा स्टायलस हा शब्द ग्रीकमधल्या 'खांब' वरून आलाय असं कुठेतरी वाचलं ते खरं का, आणि स्टाइल आणि आपली शैली हे मुळात एकच का.

खांबाचं आधी. ग्रीकमधे स्तिलोस म्हणजे खांब हा शब्द आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. मूळ शब्द लॅटिन, स्टिलुस, आणि त्याचं स्पेलिंग साध्या आय ने. नंतरच्या लोकांना वाटलं की हा त्या ग्रीक खांबाचाच शब्द असणार म्हणून त्यांनी आय काढून वाय घातला आणि तो कायमचा चिकटला, इंग्रजी स्टाइलमधेही तोच वाय आहे. इटालियन स्तिले आणि स्पॅनिश एस्तिलो बघा, तिथे अजून सरळ आय आहे.

लॅटिनमधे स्टिलुस म्हणजे कुठलीही टोकदार काडी, खुंट, रोपाचा देठसुद्धा. पण सगळ्यात जास्त वापर लिहायच्या हत्याराला. रोमन लोक रोजचं लिखाण, म्हणजे हिशेब, निरोप, पोरांचा अभ्यास, हे मेणाच्या पाटीवर करायचे. लाकडाची फळी मधून कोरून खोलगट करायची, त्यात मेणाचा पातळ थर, आणि त्यावर लोखंडाच्या नाहीतर हाडाच्या स्टिलुसने ओरखडे काढून अक्षरं. शाई लागतच नाही. आणि दुसरं टोक चपटं असायचं, उलथन्यासारखं, चुकलं की उलटं धरून त्याने मेण सारखं करायचं की झाली पाटी कोरी. 'ताबुला रासा' हा जो शब्द आपण ऐकतो तो याच पाटीचा, खरवडून साफ केलेली पाटी.

मला या शब्दात सगळ्यात आवडतं ते हे दुसरं टोक. होरेस नावाचा रोमन कवी नव्या लिहिणाऱ्यांना सांगतो, 'साएपे स्टिलुम वेर्तास', म्हणजे पुन्हा वाचावंसं वाटेल असं काही लिहायचं असेल तर स्टिलुस वरचेवर उलटा कर. खोड, परत लिही. पुढे हत्याराचं नाव लिहिण्याच्या पद्धतीला लागलं, मग बोलण्याच्या, आणि खूप नंतर कपड्यांच्या आणि केसांच्या. यात परकं काही नाही, आपणही 'त्यांच्या लेखणीला धार आहे' म्हणतो तेव्हा बोरूची धार कुणी तपासत नाही, लिखाणाबद्दलच बोलतो.

धार खरीच होती हेही सांगायला हवं. इ.स.पू. ४४ मधे सीझरवर हल्ला झाला तेव्हा त्याने कास्का नावाच्या हल्लेखोराचा हात पकडून त्यात लिहायची सळईच खुपसली असं स्वेटोनिअस या रोमन चरित्रकाराने लिहिलंय, फक्त तिथे त्याने त्याच वस्तूचा दुसरा, ग्रीकमधून आलेला शब्द वापरलाय, ग्राफिउम. इटालियनमधे तर याच स्टिलुसपासून स्तिलो म्हणजे खंजीर, त्याचा छोटा तो स्तिलेत्तो, आणि त्या बारीक टोकावरून स्टिलेटो हील्स.

लंडनमधे ब्लूमबर्ग कंपनीच्या ऑफिसच्या जागी खोदकाम झालं तिथे रोमन काळातल्या अशा ४०० च्या वर पाट्या निघाल्या, मेण गेलेलं पण जोर देऊन लिहिल्यामुळे लाकडावर उमटलेले ओरखडे राहिलेले, त्यातली एक इ.स. ५७ मधली, पैशाच्या देण्याघेण्याची. आणि तिथेच साधारण इ.स. ७० चा एक लोखंडी स्टिलुस सापडला ज्याच्या अंगावर बारीक अक्षरात मजकूर कोरलाय. त्याचा आशय असा की शहरातून तुझ्यासाठी ही टोकदार भेट आणलीये, माझी आठवण राहावी म्हणून, नशिबाने साथ दिली असती तर रस्ता जेवढा लांब आणि माझी थैली जेवढी रिकामी तेवढं भरभरून दिलं असतं. गावाहून येताना पोरांसाठी पेन आणणारा मामा आठवला मला.

आता शैली. उच्चार जवळचा वाटतो पण नातं नाही, शैली संस्कृत 'शील' पासून, म्हणजे स्वभाव, वागायची रीत. स्टिलुसशी अर्थाने जुळणारं आपल्याकडे काही शोधायचं तर ते लेखणीत आहे. 'लिख्' या धातूचा जुना अर्थ ओरखडणं, रेघ ओढणं, आणि आयुर्वेदात 'लेखन' म्हणजे आजही खरवडणंच.

जाता जाता, पेन आणि पेन्सिल हे पण नातेवाईक नाहीत. पेन 'पेन्ना' म्हणजे पिसापासून, आणि पेन्सिल 'पेनिकिलुस' म्हणजे छोट्या शेपटीपासून, मूळ अर्थ रंगाचा कुंचला. पेनिसिलिन ज्या बुरशीपासून निघालं तिचं नावही त्यावरूनच, मायक्रोस्कोपखाली ती कुंचल्यासारखी दिसते. स्टिलुस मात्र फिरून परत हातात आलाय, टॅबवर तर आहेच, पण फ्रान्समधे दुकानात साधं बॉलपेन मागायचं असेल तरी 'स्तिलो' म्हणूनच मागतात.