टेबल फॅनवरचा कॅमेरा

प्रश्न : ताई, मी खानापूरचा, डिग्रीच्या लास्ट इयरला आहे. परवा पावसात करंट गेलता म्हणून आम्ही भावंडांनी मोबाईलवर 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'चा तिसरा भाग बघितला. बाकीचे म्हणाले कॅमेरा नुस्ता इकडून तिकडं फिरतोय, भूत पण धड दाखवत नाहीत, ह्यापेक्षा लग्नाची कॅसेट बरी. मला मात्र लई आवडला, रात्री पाणी प्यायला उठायचा धीर होईना. पण का आवडला ते सांगता येईना. असल्या पिक्चरमध्ये बघायचं काय असतं?

उत्तर : अरे, लग्नाची कॅसेट म्हणाले ना, तिथंच उत्तर आहे बघ. त्यातला डेनिस लग्नाचं शूटिंग करणाराच माणूस, गोष्ट १९८८ची, घरात काहीतरी आहे असं वाटल्यावर तो आपले व्हीएचएस कॅमेरे घरात लावतो. आता हॉल पण बघायचाय, किचन पण बघायचंय, तर तो टेबल फॅन खोलतो आणि त्याच्या फिरणाऱ्या स्टँडवर कॅमेरा बसवतो. झालं. इथनं पुढं कॅमेरा पंख्याच्या चालीनं चालणार. एरवीच्या पिक्चरात भीती जिकडं असेल, तिकडं कॅमेरा पळतो, पण पंख्याला काय कळतंय? पोरं सांभाळणारी बाई टेबलाशी बसलीय, तिच्या मागं चादर पांघरलेलं काहीतरी उभं आहे, आणि कॅमेरा आपला सावकाश हॉलकडं वळतोय. आपण मनात म्हणतोय, अरे थांब, परत फिर, पण तो त्याच्या वेळेनंच येणार. आणि किचनचा सीन आठव, कॅमेरा वळून येतो तर टेबल, खुर्च्या, भांडी काहीच नाही, जागा नुस्ती मोकळी, बाई आत जाऊन उभी राहते आणि मग सगळं वरनं धाडकन खाली. दिग्दर्शकांनी (हेन्री जूस्ट आणि एरियल शुलमन, पिक्चर २०११चा) एका पंख्यावर एवढं उभं केलंय, मला तर हे कुठल्याही महागड्या ग्राफिक्सपेक्षा मोठं वाटतं.

ह्याला फाउंड फुटेज म्हणतात, म्हणजे कुणीतरी केलेलं शूटिंग मागाहून सापडलंय अशा थाटाचा पिक्चर. बघायचं ते एवढंच की कॅमेरा कुणाच्या हातात आहे, का चालू आहे आणि त्याला काय दिसत नाही. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये (१९९९) कलाकारांनीच जंगलात कॅमेरे धरलेत, चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही. २०२०चा 'होस्ट' लॉकडाऊनमध्ये झूम कॉलवर केलाय, तासाभराचा पण नाही, कलाकार आपापल्या घरी, लाईट पण त्यांनीच लावलेले.

आमच्या मामांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये शेवटी शूटिंगवाला कॅमेरा खुर्चीवर ठेवून जेवायला गेलाय, बंद करायला विसरलाय. रिकामा मांडव, पालथ्या खुर्च्या, मधेच कुणाचेतरी पाय जातात, लांबनं हाक ऐकू येते. भुताचं काही नाही त्यात, पण लहानपणी तेवढं आलं की मी आईला चिकटून बसायची. कॅमेऱ्यामागं माणूस नाही हे कळलं की आपलं घर पण परकं वाटतं रे.

आता असलाच फाउंड फुटेजचा स्पॅनिश 'रेक' (२००७) बघ, सबटायटल लावून, डब नको. आणि भावांना 'पॅरानॉर्मल'चा तिसरा भाग परत दाखव, पण टीव्हीला जोडून, आवाज नीट ठेवून. किचनच्या सीनला कॅमेरा हॉलकडं वळला की तू स्क्रीनकडं बघू नको, त्यांच्या तोंडाकडं बघ.